1988 सालच्या इमारतीच्या वायरिंगची तपासणी कोणाकडून करून घ्यावी आणि तीत नेमके काय मोजून घ्यावे?

सचिव_डोंबिवली

नमस्कार. मी डोंबिवली पश्चिमेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमची इमारत 1988 सालची आहे. तळमजल्यावर पिठाची गिरणी, झेरॉक्स, किराणा आणि एका डॉक्टरांचा दवाखाना अशी चार दुकाने आहेत आणि वरच्या चार मजल्यांवर 24 सदनिका आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदांच्या आई बादलीत गरम पाणी सोडत असताना नळाला हात लागताच त्यांना झटका बसला, तोल जाऊन त्या न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. वायरमन आला, त्याने गिझरचा प्लग आणि एमसीबी पाहिला, सर्व व्यवस्थित असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. चार दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून स्वयंपाकघराच्या नळाला करंट उतरत असल्याची तक्रार आली. त्या घरात गिझरच नाही, ते लोक गॅसवर पाणी तापवतात.

त्यानंतर आम्ही दोन ठेकेदारांना बोलावले. पहिल्याने पाच हजार रुपयांत इमारतीची पाहणी करून ‘वायरिंग सुरक्षित आहे’ असे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली, आणि पाहणीला किती वेळ लागेल असे विचारले तेव्हा एक तास पुरेल असे उत्तर दिले. दुसऱ्याने एकही उपकरण न लावता, केवळ मीटर रूममध्ये डोकावून, संपूर्ण इमारतीचे वायरिंग बदलावे लागेल असे सांगितले आणि आमच्या शिलकीच्या कितीतरी पट रकमेचे कोटेशन दिले. एकाला सगळे ठीक दिसते आणि दुसऱ्याला सगळे टाकाऊ दिसते, पण दोघांपैकी कोणीही काही मोजलेले नाही. कार्यकारिणीतील एका सदस्यांचे म्हणणे असे की आपण उपविधींप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतो, त्यातच हे आले असणार. पण मी अहवाल पुन्हा वाचला आणि त्यात विजेबद्दल एक ओळही नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी तपासणी करण्याचा अधिकार कोणाला असतो? तीत काय काय झाले पाहिजे? आणि घराच्या आतला खर्च कोणाचा, बाहेरचा कोणाचा? त्या आजींचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे आणि जिना चढताना त्यांच्या दाराशी आले की मला फार अपराधी वाटते. म्हणून सविस्तर उत्तरे मिळाली तर उपकार होतील.

निवृत्त_अभियंता_ठाणे

सचिव महोदय, तपासणीबद्दल नंतर लिहितो. आधी आजच करायचे काम सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा तो गिझर केवळ बटण बंद करून ठेवू नका, त्याचा प्लग काढून ठेवा, कारण जुन्या घरांत स्विच पुष्कळदा फेजऐवजी (वीज आणणाऱ्या जिवंत तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेला असतो आणि अशा वेळी बटण बंद असूनही उपकरणात फेज तशीच राहते. त्या उभ्या लाइनवरील सर्व घरांना आज रात्रीच सांगा की गिझर चालू ठेवून कोणीही आंघोळ करू नये. दुसरे असे की विजेमुळे माणसाला इजा झाली असेल तर विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 प्रमाणे त्याची सूचना विद्युत निरीक्षकांना द्यावयाची असते. मनगट मोडणे ही इजाच आहे. ही सूचना देण्यास घाबरू नका. निरीक्षक कार्यालयाचे काम कारण शोधण्याचे आहे, आणि तुम्हालाही कारणच हवे आहे.

आता मला एक सांगा. गेल्या वर्षा-दोन वर्षांत इमारतीच्या पाण्याच्या पाइपांचे काही काम झाले आहे का?

सचिव_डोंबिवली

होय. यंदाच्या मे महिन्यात खालून वर येणाऱ्या पाण्याच्या लाइनचा तळमजल्याचा भाग गंजून गळत होता, तो आम्ही बदलला. जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. वरच्या मजल्यांवरची लाइन चांगली होती म्हणून ती जुनीच ठेवली. पण पाइपचा आणि विजेचा काय संबंध?

निवृत्त_अभियंता_ठाणे

संबंध अगदी निकटचा आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या इमारतींमध्ये हा प्रकार मी नोकरीत असताना अनेक वेळा पाहिला आहे. त्या काळात बांधलेल्या पुष्कळ इमारतींमध्ये अर्थिंगची वायर मीटर रूमपासून प्रत्येक घरापर्यंत नीट नेलेलीच नसे, किंवा नेलेली असली तरी ती उघडी जीआय तार दहा-पंधरा वर्षांत गंजून कुठेतरी तुटत असे. मग न्हाणीघरात गिझर बसवणारा वायरमन सोपा मार्ग काढी: थ्री-पिन सॉकेटची अर्थ वायर जवळच्या पाण्याच्या पाइपला गुंडाळून टाकी. पाइप लोखंडी होता आणि तो जमिनीत जात होता, म्हणून तेवढ्यावर काम चालून जाई. तुम्ही मे महिन्यात तळमजल्याचा तुकडा प्लास्टिकचा केला त्या दिवशी तुमच्या वरच्या सर्व मजल्यांचा पाइप जमिनीपासून तुटला. आता तो पाइप म्हणजे चार मजले उभी असलेली एक उघडी तार आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गिझरची कॉइल फुटली असेल किंवा तिच्या आवरणाला तडा गेला असेल, तर फेज गिझरच्या बॉडीवर, बॉडीवरून अर्थ वायरने पाइपवर आणि पाइपवरून दुसऱ्या मजल्यावरच्या नळावर येते. ज्यांच्या घरी गिझर नाही त्यांनाही झटका बसण्याचे कारण बहुधा हेच आहे. मी ‘बहुधा’ म्हणतो, कारण न मोजता निदान करणाऱ्या दोघांना तुम्ही आधीच भेटला आहात.

एमसीबी का पडला नाही, हा प्रश्न त्या आजींच्या मुलाने तुम्हाला नक्की विचारला असेल. एमसीबी हा वायरचा रक्षक आहे. त्यातून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह गेला तरच तो पडतो. समजा, अर्थिंग अस्तित्वात आहे पण त्याचा रोध 20 ओहम आहे. मग फेज बॉडीला लागली तरी 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर एवढाच प्रवाह जमिनीत जाईल. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो नेहमीचाच भार आहे, तेव्हा तो तासन्‌तास तसाच चालू राहील आणि गिझरच्या बॉडीवर विजेचा जवळपास पूर्ण दाब (व्होल्टेज) उभा राहील. झटक्यात पडायला सी प्रकारच्या 16 अँपिअर एमसीबीला 80 ते 160 अँपिअर लागतात. तुमच्याकडे तर पाइप जमिनीलाच लागलेला नाही, त्यामुळे माणसाचा हात लागेपर्यंत प्रवाहाला वाटच नव्हती. या जागी आरसीसीबी हवा, ज्याला बाजारात अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो की नाही हे तो पाहतो आणि फरक 30 मिलीअँपिअरपर्यंत पोचला की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. घेताना त्यावर 30 मिलीअँपिअर लिहिलेले आहे ना हे पाहून घ्या. दुकानदार अनेकदा 100 किंवा 300 चा देतात. ते आग टाळण्यासाठी मुख्य ठिकाणी ठीक आहेत, माणूस वाचवण्यासाठी नाहीत.

आता तुमचे मूळ प्रश्न. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. त्याचा आणि त्याच्या पर्यवेक्षकाचा परवाना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा असतो. त्याची मुदत पाहा आणि प्रत घेऊन ठेवा. मात्र तपासणी करणारा आणि पुढे दुरुस्ती करणारा एकच माणूस नसावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दुसऱ्या ठेकेदाराने तुम्हाला दिलेले कोटेशन हे त्याच हितसंबंधातून आलेले आहे. शासनाने अधिकृत केलेले चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअर असतात, ते मिळाले तर उत्तम. स्ट्रक्चरल ऑडिटचा विजेशी संबंध नाही. अग्निशमन यंत्रणेसाठी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे प्रमाणपत्र वेगळे आणि ज्यांच्याकडे लिफ्ट आहे त्यांची लिफ्टची तपासणीही वेगळी. त्यांपैकी एकानेही घरातले वायरिंग तपासले जात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत, जे 2010 साली आले आणि 2023 साली नव्याने निघाले, वीजसंचाची ठरावीक काळाने तपासणी आणि चाचणी अपेक्षित आहे आणि 2010 च्या विनियमांत दोन तपासण्यांतील अंतर पाच वर्षांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले होते. तुमची इमारत पस्तिशी ओलांडून गेली आहे आणि एकही तपासणी झालेली नाही.

तपासणीत डोळ्यांनी पाहण्याचा भाग असतोच, म्हणजे काळवंडलेले सॉकेट, किटकॅटमध्ये (फ्यूजच्या जुन्या चिनी मातीच्या खोक्यात) फ्यूज वायरऐवजी घातलेली जाड तांब्याची तार, मीटर रूममध्ये ठेवलेल्या जुन्या सायकली आणि रद्दी. पण खरी तपासणी आकड्यांची असते. प्रत्येक घरातील उपकरणे, दिवे आणि पंख्यांचे रेग्युलेटर सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने वायरच्या आवरणाचा रोध मोजायचा. तो एक मेगओहमच्या खाली आला तर त्या सर्किटमध्ये दोष शोधायलाच हवा. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटची अर्थ वायर सलग मीटर रूमपर्यंत पोहोचते का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, आरसीसीबी असेल तर तो किती मिलीअँपिअरला आणि किती मिलिसेकंदांत पडतो, हे मोजायचे. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने, इमारतीची मुख्य अर्थ वायर सोडवून मोजायचा, त्यासाठी तेवढा वेळ पूर्ण इमारतीची वीज बंद ठेवावी लागते. यासाठी जमिनीत काही अंतरावर दोन खिळे ठोकावे लागतात आणि डोंबिवलीसारख्या ठिकाणी सगळे आवार पेव्हर ब्लॉकने झाकलेले असल्यामुळे झाडाचे आळे किंवा रस्त्याकडेची माती शोधावी लागते. जो ठेकेदार हा त्रास घेत नाही त्याने लिहिलेला आकडा मनातला आहे असे समजा. 24 घरे आणि चार दुकाने एका तासात होत नाहीत. दोन माणसांना किमान तीन-चार दिवस लागतील.

एक शेवटची सूचना. उन्हाळ्यात मोजू नका. भिंती कोरड्या असताना खराब वायरसुद्धा चांगला आकडा देते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भिंतींनी पाणी प्यायलेले असताना मोजा.

खजिनदार_नाशिक

आमच्या संस्थेने हे सर्व तीन वर्षांपूर्वी केले, म्हणून खर्चाविषयी लिहितो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तीत जिन्यातील दिवे, पंप यांच्याबरोबर सदनिकेतील मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या वाहिन्या येतात. म्हणजे मीटरनंतर मेन स्विचपर्यंतची वायर ही सभासदाची नाही, संस्थेची जबाबदारी आहे, आणि अर्थिंगचे खड्डे व मुख्य अर्थ पट्टी हे सामाईक असल्यामुळे तेही संस्थेचेच. मेन स्विचच्या आतले सभासदाचे. मीटर आणि त्याच्या आधीचे वीज कंपनीचे. तिथले सील तोडून कोणाही खासगी वायरमनला हात लावू देऊ नका, 1912 वर तक्रार नोंदवा.

घरातील दुरुस्ती सभासदाने करायची असली तरी तपासणीचा खर्च मात्र पूर्णपणे संस्थेने करावा, असा आमचा अनुभव आहे. आम्ही आधी प्रत्येक घरामागे वर्गणी मागितली होती, तेव्हा जेमतेम निम्मी घरे पुढे आली. सर्वसाधारण सभेत ठराव करून दुरुस्ती निधीतून खर्च केल्यावर विरोध जवळपास मावळला. जो थोडा उरला त्याचे कारण पैसा नव्हते, ती भीती होती. लोकांना वाटते की तपासनीस आला की भिंती फोडेल, किंवा मंजूर भारापेक्षा जास्त वापर दिसला तर वीज कंपनीला कळवेल. आमच्या अध्यक्षांनी प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितले की अहवालाचे घरापुरते पान फक्त त्या घराला मिळेल, आणि ते वचन आम्ही पाळले. ज्येष्ठ नागरिक एकटे राहतात अशा घरी तपासनिसाबरोबर कार्यकारिणीतील एक महिला सदस्य जात असत. त्याचा फार उपयोग झाला.

लेस्टरहून

मी मूळचा साताऱ्याचा, गेली सोळा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. माझे एक लहान घर भाड्याने दिलेले आहे, त्यामुळे या विषयाशी दर पाच वर्षांनी माझी गाठ पडते. इथे 2020 साली आलेल्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या घराच्या वीजसंचाची किमान पाच वर्षांतून एकदा पात्र व्यक्तीकडून तपासणी करून घेणे घरमालकाला बंधनकारक आहे. नव्या भाडेकरारांना हा नियम जुलै 2020 पासून आणि चालू करारांना एप्रिल 2021 पासून लागू झाला. अहवालाची प्रत भाडेकरूला 28 दिवसांत द्यावी लागते आणि धोकादायक दोष 28 दिवसांत, किंवा तपासनिसाने त्याहून कमी मुदत दिली असेल तर तेवढ्यात, दुरुस्त करावे लागतात.

इथले वायरिंग वेगळ्या पद्धतीचे आहे, तेव्हा त्याची नक्कल करा असे मी म्हणत नाही. अहवालाच्या मांडणीतील दोन गोष्टी मात्र आपल्या सचिवांना उपयोगी पडतील असे वाटते. पहिली अशी की प्रत्येक दोषापुढे एक खूण असते. सी-1 म्हणजे धोका आत्ता समोर उभा आहे. तो दिसला की तपासनीस तिथेच काहीतरी करून तो दूर करतो किंवा सर्किट बंद करतो. सी-2 म्हणजे धोका होऊ शकतो. सी-3 म्हणजे सुधारणा व्हावी, पण तेवढ्यासाठी अहवाल असमाधानकारक ठरत नाही. चौथी खूण आणखी शोध घेण्याची गरज सांगते. ‘सगळे बदला’ आणि ‘सगळे ठीक’ या दोन टोकांच्या मधली जागा या खुणांमुळे भरून निघते, आणि पैसा थोडा असेल तेव्हा तो आधी कुठे घालायचा हे सभासदांनाही समजते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. अहवालात एक रकाना मर्यादांचा असतो: कोणता भाग तपासता आला नाही आणि का. ज्या घरांनी दार उघडले नाही त्यांची नोंद आपण तिथे तारखेसह करून घ्या. नाहीतर पाच वर्षांनी येणारी कार्यकारिणी असे समजेल की 24 ही घरे तपासली गेली होती. मागच्या दिवाळीत साताऱ्याच्या आमच्या वाड्यात मी स्वतः टेस्टर घेऊन फिरलो आणि आईच्या देवघराच्या बोर्डाला अर्थिंगच नसल्याचे दिसले. तीस वर्षे ती तिथे ओल्या हातांनी दिवा लावते आहे. ते मी त्याच आठवड्यात करून घेतले, पण अजूनही त्याची आठवण आली की पोटात कालवाकालव होते.

तारतंत्री_कल्याण

नमस्कार साहेब. मी आयटीआय केलेला परवानाधारक तारतंत्री आहे आणि बावीस वर्षे कल्याण-डोंबिवलीतील जुन्या इमारतींत काम करतो आहे. वर अभियंता साहेबांनी सर्व बरोबर लिहिले आहे. कामाच्या जागी जे दिसते त्यातल्या काही गोष्टी जोडतो.

सर्वांत घातक प्रकार मी सॉकेटच्या आत पाहतो. अर्थ वायर आलेली नसते, गिऱ्हाईक म्हणतो की फ्रीजला झटका बसतो, म्हणून कोणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला छोटी तार जोडून देतो. झटका थांबतो आणि सर्वजण खूश होतात. पण पुढे कधी ती न्यूट्रल मागे कुठेही तुटली, तर चालू उपकरणातून फेज न्यूट्रलवर आणि तिथून त्या छोट्या तारेने थेट फ्रीजच्या दरवाज्यावर येते. आपल्या तपासनिसाला सांगा की काही सॉकेट उघडून पाहा, कारण ही जोडणी बाहेरून साध्या सॉकेट टेस्टरवर अगदी बरोबर दिसते, तिन्ही दिवे ठीक लागतात.

दुसरी गोष्ट मीटर रूममधल्या न्यूट्रलची. इमारतीला तीन फेज येतात आणि घरे त्यांवर वाटलेली असतात. मुख्य न्यूट्रलचा जोड सैल झाला की एका फेजवरच्या घरांचे दिवे मंद होतात आणि दुसऱ्या फेजवरच्या घरांत दाब 300 व्होल्टच्या वर जाऊन टीव्ही, फ्रीज जळतात. ‘कधीकधी दिवे अचानक जास्त उजळतात’ अशी तक्रार एखाद्या घरातून आली तर ती कधीही दुर्लक्षू नका. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमच्या वायर आहेत आणि त्या पितळी किंवा तांब्याच्या जोडाला थेट आवळलेल्या आहेत. ॲल्युमिनियम तापून दबते, त्यावर थर चढतो, जोड सैल होतो, मग आणखी तापतो. हाताने वायर हलवू नये. भार चालू असताना तापमान दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिले तर असा जोड लगेच दिसतो. त्या काळी घर म्हणजे चार ट्यूब, चार पंखे, एक फ्रीज असा हिशेब होता. आज त्याच मेनवर दोन किलोवॅटचा गिझर म्हणजे नऊ अँपिअर, दीड टनाचा एसी म्हणजे सात-आठ अँपिअर आणि वर इस्त्री, मायक्रोवेव्ह.

आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडेल, याची तयारी ठेवा. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांची न्यूट्रल एकमेकांत मिसळलेली असते, त्यामुळे तो पडतो. मग लोक मला फोन करून म्हणतात, ‘तो काढून टाका, त्रास देतो.’ मी काढत नाही. दोन-तीन तास बसून न्यूट्रल वेगळ्या करून देतो. पण दुसरा कोणीतरी येऊन तो बायपास करून जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबायला घरातल्या बाईंना किंवा मुलांना शिकवा.

दुकानांचे विसरू नका, साहेब. गिरणीवाल्याच्या मोटारीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात आणि पिठाची धूळ स्टार्टरच्या आत साचते, ती काढून घ्यावी. दुकानाच्या पाटीतले दिवे आणि फुटपाथवर ठेवलेला शीतपेयांचा फ्रीज, हे दोन्ही पावसात भिजतात आणि त्यांना हात लागतो तो रस्त्याने जाणाऱ्या शाळेच्या मुलांचा.

सचिव_डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून त्याच दिवशी गिझरचा प्लग काढून ठेवला, विद्युत निरीक्षक कार्यालयाला लेखी सूचना दिली आणि विशेष सभा बोलावून ठराव केला. तपासणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, चार दिवस, ज्यांचा दुरुस्तीच्या कामाशी संबंध नाही अशा एका परवानाधारक व्यक्तीकडून करून घेतली. निष्कर्ष इथे लिहितो, कारण कोणाला तरी तुलनेला उपयोगी पडतील.

अर्थिंगचा खड्डा मीटर रूमच्या मागे, 2016 साली आम्हीच बसवलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खाली सापडला. म्हणजे इतकी वर्षे त्यात कोणी एक तांब्या पाणीही घातलेले नव्हते. त्याचा रोध 38 ओहम भरला. निवृत्त अभियंत्यांनी 20 ओहम धरून जे गणित मांडले होते त्याच्या जवळपास दुप्पट. पाण्याच्या पाइपला अर्थ वायर गुंडाळलेली नऊ घरे निघाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गिझरची कॉइल खरोखरच फुटलेली होती. 24 पैकी 21 घरांनी दार उघडले. त्यांपैकी चार घरांत मेगरचा आकडा एक मेगओहमच्या खाली आला, आणि ती चारही घरे पश्चिमेच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीची आहेत. दोन घरांत न्यूट्रलवरून अर्थला जोडलेली ती छोटी तार मिळाली. तारतंत्री दादांनी लिहिले नसते तर सॉकेट उघडून पाहायला आम्ही सांगितलेच नसते. झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीची लोखंडी चौकट जिवंत होती. ती त्याच क्षणी बंद केली.

संपूर्ण इमारतीचे वायरिंग बदलण्याची गरज तपासनिसांनी सांगितलेली नाही. दोन नवे अर्थ खड्डे, मीटर रूमपासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याची नवी अर्थ वायर, सर्व 24 घरांना आणि दुकानांना 30 मिलीअँपिअरचे आरसीसीबी, सात घरांच्या मेन वायर बदलणे आणि चार घरांच्या एकेका सर्किटची नवी वायर, एवढे काम त्यांनी पहिल्या दोन वर्गांत (वर लिहिलेल्या सी-1, सी-2 सारख्या) घातले आहे. दुसऱ्या ठेकेदाराच्या कोटेशनच्या एक पंचमांशापेक्षा हा खर्च कमी आहे. खड्डे झाले आहेत. नव्या जोडणीनंतर रोध 2.6 ओहम आला. उरलेल्या तीन घरांपैकी एक बंद असते. दोघांनी नकार दिला, त्यांची नोंद मर्यादांच्या रकान्यात केली आहे.

एक शंका राहिली. गिरणीमालक म्हणतात की आरसीसीबीने मोटार सुरू होताना ट्रिप होईल, म्हणून त्यांना तो नको आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे का?

निवृत्त_अभियंता_ठाणे

2.6 ओहम हा आकडा वाचून फार समाधान वाटले. आपल्याकडे तो पाच ओहमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. मात्र तो पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, पुन्हा मोजून नोंदवून ठेवा. वायरिंगसाठी पावसाळा परीक्षेचा, तसा अर्थिंगसाठी कोरडी जमीन असलेला उन्हाळा.

गिरणीमालकांचे म्हणणे खरे नाही. सुरू होताना मोटार कितीही जास्त प्रवाह ओढू दे, तिन्ही फेजमधला तो प्रवाह एकमेकांत जुळतो, जमिनीत जात नाही, म्हणून त्याने चार पोलचा (तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांवरचा) आरसीसीबी पडत नाही. तो पडत असेल तर मोटारीची वाइंडिंग किंवा स्टार्टर जमिनीला गळतो आहे. त्यांना सांगा की मोटारीच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडून आधी मेगर लावून घ्यावा, आणि तो आकडा तुमच्या अहवालात त्यांच्या दुकानाच्या पानावर लिहून घ्या.

सचिव_डोंबिवली

काल लावला. मोटारीचा आकडा 0.2 मेगओहम आला. गिरणी आज बंद आहे, मोटार वाइंडिंगला दिली आहे.